वास्तुशांतीला कोण बसणार

नांदेड,
११ फेब्रुवारी २०२५

श्री. श्रीनाथ यांस,
नमस्कार.

पत्र बघून दचकू नका, आईंची तब्येत ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, जीभ शाबूत आहे. फोन केला तर तुम्ही "मीटिंगमध्ये आहे" म्हणालात. रविवारी संध्याकाळी कसली मीटिंग असते ते मी विचारत नाही. आईच म्हणाल्या, "फोनवर तो निसटतो. कागदावर लिही, म्हंजे वाचावं लागतंय."

बातमी अशी की, आम्ही घर घेतलं. तरोडा नाक्याच्या पुढे, तळमजल्यावर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे तुळस आणि कढीलिंब मावेल एवढं अंगण. इतकी वर्षं घरमालकाला विचारून खिळा ठोकत आले. पहिला खिळा स्वतःच्या भिंतीत ठोकताना मात्र उगाच हळू ठोकला, भिंतीला लागेल म्हणून.

आईंचं बस्तान माझ्याआधी बसलं. शेजारी लक्ष्मम्मा राहतात, धर्माबादच्या. दोघी सकाळी शेअर रिक्षाने गोवर्धन घाटावर जातात, गोदावरीला नमस्कार करतात आणि आंबाडीची जुडी घेऊन परततात. लक्ष्मम्मा तिचं तिखटजाळ लोणचं घालतात, त्याला त्या गोंगुरा म्हणतात. आई नाक पुसत खातात आणि "आमच्या चाकूरला असं न्हाई" म्हणतात. चाकूरला नाही असं जगात काही आहे, हे त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. शाळा सुटून मी येते तेव्हा पायरीवर दोघींचा चुरमुऱ्यांचा सुशीला आणि चहा चाललेला असतो, माझ्यासाठी ताट झाकून ठेवलेलं असतं. मला इथे सुख लागतंय. हे तुम्हाला कळवावंसं का वाटतं, कोण जाणे.

आता जरा वेगळं. गेल्या आठवड्यात घरी आले तर दारावर पितळी पाटी. 'श्रीनाथ बिलोलीकर'. आईंनी वजिराबादेतून करून आणली होती. मी म्हटलं, "आई, घर माझ्या पगारातलं आहे." त्या म्हणाल्या, "असू दे की. दारावर माणसाचं नाव असलं म्हंजे बरं असतंय." मी माणूस नाही का, असं तोंडावर आलं होतं. 

त्यानंतर वास्तुशांतीची बोलणी झाली. गुरुजी म्हणाले, यजमान जोडप्याने बसायला हवं. आईंनी सगळ्या कॉलनीला सांगून टाकलं होतं, "माझा श्रीनाथ लातूरहून येणार हाय, दोघं बसणार हायत." तुमच्यासाठी पूजेला नेसायचा नवा रेशमी कद आणला, कपाटात माझ्या शालूवर ठेवला. रोज उघडून बघायच्या.

मला ते बघवेना. तुमच्या उपरण्याला माझ्या पदराची गाठ मारून मी होमापुढे बसायचं, आणि समोर आई डोळे भरून बघणार. लोकांपुढे खोटं बोलता येतं, मीही बोलले. बदली, ऑडिट, सुट्टी मिळत नाही, हे सगळं मी त्यांना इतक्या वेळा सांगितलं की, तुमचं ऑफिस मला तुमच्यापेक्षा जास्त पाठ आहे. पण अग्नीपुढे जमणार नव्हतं.

म्हणून मी आईंना सांगितलं.

तुम्ही लातूरला दुसरं घर मांडलंय हे सांगितलं. माझ्या शाळेतल्या बाईंना तुम्ही तिघे गंजगोलाईच्या बाजारात भेटलात, तुम्ही त्यांना ओळखलं नाहीत आणि दुकानदाराला "ही माझी मुलगी" म्हणालात, तेही सांगितलं. नंतर तुम्हीच फोनवर विनवलं होतं ना, "आईला कळू देऊ नकोस, ती सहन करणार नाही." मला तेव्हाही राग आला होता, अजून येतो. सहन करायचं ते सगळं माझ्याकडे आणि काळजी तेवढी आईची.

आम्ही अंगणात हरभऱ्याचे ढाळे सोलत बसलो होतो. आईंचे हात थांबले नाहीत. पुढचा ढाळा उचलत विचारलं, "पोरीचं नाव काय?"

"मुग्धा."

"तुला कधीपासून ठाऊक हाय?"

"ती पहिलीत होती तेव्हापासून."

"अन् मला आत्ता सांगतीस?"

त्या तुमच्यावर चिडल्या नाहीत, माझ्यावर चिडल्या. दुसऱ्या दिवशीच्या चहापर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. मला तर वाटलं, आता बॅग भरतील आणि लातूरची गाडी धरतील. मुलगा तो मुलगाच. शाळेत फळ्यावर काय लिहितेय ते मला दिसत नव्हतं. आई गेल्या तर या घरात मी एकटी काय करू, एवढंच डोक्यात होतं.

संध्याकाळी आले तर पाटी निघाली होती. लक्ष्मम्मांकडून पाना-पेचकस आणून आईंनीच काढली, बोट सोलून घेतलं. गुरुजींना बोलावणं गेलं होतं. आई त्यांना म्हणाल्या, "बायको नसली तर गडी कंबरेला सुपारी खोचून बसतो. तेव्हा शास्त्र गप बसतंय. सुनेशेजारी मी बसणार हाय."

"मावशी, तुम्ही विधवा—"

"मग तुम्ही नुसतं जेवायला या. पूजेला दुसरा बघते."

गुरुजींनी पंचांग मिटलं, परत उघडलं आणि दिवस सांगितला. ६ मार्च, गुरुवार.

पत्र इथेच संपवणार होते. शेवटी "जमल्यास यावे" असं लिहायला घेतलं तर आईंनी माझा हात धरला. "एकट्याला बोलवायचं न्हाई. तो चोरासारखा येईल, जेवील अन् जाईल. त्या बाईचं नाव लिही, नातीचं लिही. ते तिघं येणार असतील तर ये म्हणावं, न्हाईतर येऊ नको म्हणावं."

मी म्हटलं, "आई, हे माझ्या हातून नका लिहवून घेऊ."

त्या म्हणाल्या, "घर तुझं हाय. तूच बोलवायला पायजे."

देविकाबाईंचं नाव मी या हाताने कधी लिहिलं नव्हतं. त्याच्याआधी काय लावायचं, यावर पेन बराच वेळ अडलं. माझ्या नावाला लागत आलेलं आता मी त्यांना देते आहे. मन मोठं आहे म्हणून नाही. मला ते ओढून कंटाळा आला आहे.

श्री. श्रीनाथ, सौ. देविका आणि चि. मुग्धा, आपण सहकुटुंब यावे.

निमंत्रक,
सत्यभामाबाई बिलोलीकर
लता