मयुरीला सुटी नाही

२० एप्रिल २०२५, रविवार

"आई, आखाजीला सुटी मिळत नाहीये." एवढंच म्हणाली मयुरी आणि फोन ठेवला. मागून मीटिंगचा आवाज येत होता. रविवारी!

लोखंड्यांनी गिरणी कामगारांसाठी रविवार भांडून मिळवला, त्याला सव्वाशे वर्षं होऊन गेली. आणि माझी पोर धुळ्यात एका फायनान्स कंपनीत रविवारी मीटिंगला बसते. का, तर खिशात फोन आहे म्हणून. गिरणीचा भोंगा वाजला की माणूस सुटायचा तरी. हा भोंगा उशाशी घेऊन झोपायचं!

२२ एप्रिल

आज तालुक्याच्या बैठकीत अंगणवाडी सेविकांपुढे याच विषयावर बोलले. सुटी हे बक्षीस नाही, मजुरीचाच भाग आहे! टाळ्या पडल्या. टाळ्यांनी मयुरी अमळनेरला येत नाही.

आखाजी म्हणजे काय नुसती अक्षय्य तृतीया? लेकीने माहेरी यावं, झोक्यावर बसावं, आयतं खावं. तिला कुणी 'ऊठ' म्हणायचं नाही. कायदे नव्हते तेव्हापासून खानदेशाने बायकांना ही सुटी दिलेली आहे. हे कंपनीवाले कोण काढून घेणारे?

अंगणातल्या निंबाला झोका बांधून घेतला. पोरगी आली पाहिजे. युनियनचं निवेदन तिच्याकडून टाईप करून घ्यायचंय. सेविकांच्या मोबाईल ॲपचा घोळ तीच सोडवते. शेजारच्या हिलालभाऊंच्या पेन्शनचं अडलंय. युनियनच्या कमलबाईंना तर सांगूनच टाकलंय, मयुरी आली की सगळ्या सेविकांना घेऊन रोज दुपारी या.

२४ एप्रिल

सकाळी फोन केला, दुपारी केला, संध्याकाळी केला. दर वेळी "नंतर बोलते". श्वास तरी घेऊ देतात की नाही पोरीला!

२६ एप्रिल

सासरहून लेकीला आणायला भाऊ मुराळी म्हणून जातो. मयुरीचं लग्न व्हायचंय, पण सासर मिळालंय आधीच – ही कंपनी! म्हणून योगराजला मुराळी करून पाठवला. टोपी घालून जा म्हटलं, तर चिडला.

हात हलवत परत आला. ताईने ऑफिसखाली चहा पाजला म्हणे. तिचे डोळे सुजलेले होते. "आईला सांग, साहेब सोडत नाहीत." मी विचारलं, साहेबाला भेटलास? नाही भेटला! सासूचं तोंडही न बघता परतणारा हा पहिलाच मुराळी असेल.

आता मीच जाणार. हे कांदा चिरत होते. मान वर न करता म्हणाले, "जीभ तुनी चाली, नोकरी तिनी जाई."

जाऊ दे गेली तर!

२८ एप्रिल

सकाळपासून मयुरीचा फोन बंद. असं कधी झालेलं नाही. काढून घेतला की काय तिच्याकडून? रागारागात सांजोऱ्या तळल्या, दोन-चार करपल्या. उद्या पहिल्या एसटीने धुळं.

२९ एप्रिल, धुळे बसस्थानक

बाकावरच लिहितेय. अक्षर वेडंवाकडं येतंय, येऊ दे.

गेले त्या ऑफिसात. साहेबाच्या केबिनमध्ये नाही शिरले, मधोमध उभी राहून बोलले. पोळ्याला बैलालासुद्धा कुणी जुंपत नाही, म्हटलं. माणूस विश्रांती घेतो तेव्हाच तो स्वतःचा असतो, बाकी वेळ तुमचा असतो, म्हटलं. कर्ज मागायला आलेली माणसं माना डोलावत होती. साहेब हितेंद्र नावाचा, आमच्या योगराजच्या वयाचा. सगळं उभ्याने ऐकून घेतलं त्याने. प्यायला पाणी दिलं. मग हळूच म्हणाला, "काकू, मयुरी कालपासून सुटीवर आहे. आठवडाभर. मीच मंजूर केली. घरी आखाजी आहे, म्हणाली."

इतक्या लोकांपुढे! पिशवी उचलली आणि थेट स्टँडवर आले.

म्हणजे कंपनीला सांगितलं, घरी जाते. घरी सांगितलं, कंपनी सोडत नाही. मग सुटी कुणापासून घेतली हिने? माझ्यापासून? मी हिच्यासाठी भर ऑफिसात भांडतेय! तिकडे झोका बांधलाय, कमलबाई रोज विचारताहेत, हिलालभाऊ कागद घेऊन तयार बसलेत!

देवपुरात खोली आहे तिची. आत्ता जाते. दार वाजवून तोंडावर विचारते.

३० एप्रिल, आखाजी

दार वाजवलं नाही.

काल खालीच घरमालकीण रईसाआपा भेटल्या. म्हणाल्या, "कालपासून नुसती झोपतेय पोरगी. दोन घास खायला उठते, की परत आडवी. उठवू का?"

जिना चढले. आत पंख्याची घरघर. बाहेर तिच्या चपला, एक सुलटी, एक पालथी. तेवढ्यात माझ्या पिशवीत फोन वाजला. कमलबाईंचा. जीव खाऊन बंद केला आणि तशीच उभी राहिले. आत काही हाललं नाही.

सांजोऱ्यांचा डबा आपांकडे दिला. शेजारून आल्यात म्हणून सांगा, म्हटलं. त्या हसल्या. "आखाजीच्या सांजोऱ्या, आणि माझ्या शेजारून?"

घरी येऊन सांगितलं – साहेब हटत नाही. सुटी नाही.

सगळ्यांनी मिळून त्याला शिव्या घातल्या. सगळ्यांत मोठ्याने मी.