मूळचे कोण, बाहेरचे कोण

बाई,

मी आता लोकांची थुंकी गोळा करते. हे तुम्हाला समोर बसून सांगायला मिळालं असतं तर तुम्ही आधी पदर तोंडाला लावून हसला असता आणि मग लगेच खुर्ची पुढे ओढून विचारलं असतं, "बरं, त्यातून काय कळतं?" तुमच्या हसण्यात आणि तुमच्या प्रश्नात कधी फार वेळ जात नसे. तर सांगते. माणसाच्या थुंकीत त्याच्या शरीरातल्या पेशी असतात, आणि त्या पेशींत त्याच्या आईबापाचं, त्यांच्या आईबापाचं, असं मागे मागे जात फार जुन्या काळाचं काहीबाही उरलेलं असतं. माणसं कुठून निघाली, कुठे थांबली, कुणात मिसळली, याचा त्यावरून अंदाज बांधता येतो. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मी हेच काम करते. गोदावरीकाठच्या गावांचे नमुने घ्यायचं ठरलं तेव्हा सोनपेठकडचा भाग मी हट्टाने मागून घेतला. आमच्या गावात पहिल्या दिवशी बायका प्लॅस्टिकची नळी हातात घेऊन हसत सुटल्या. माझी चुलती म्हणाली, "इतकं शिकून हेच करायलीस व्हय गं? गावाची थुंकी घेऊन जायलीस?" मी म्हटलं, "व्हय काकू, थोडी जास्त द्या." तुम्ही असता तर सगळ्यात आधी नळी भरून दिली असती, आणि तिच्यावरची खूण सरळ चिकटवली नाही म्हणून मला बोलला असता.

तुम्ही आमच्या घरी आलात तो दिवस मला अजून दिसतो. दिवाळी झाली होती. दरवर्षीसारखी आमची टोळी ऊसतोडीला निघायची होती आणि दारात गाडी उभी होती. बाप गाडीत भांडी, गोधड्या, ज्वारीची पोती चढवतोय, आई शेळीचं दावं सोडतेय, आणि मी दप्तर कुठे ठेवायचं ते शोधतेय. दप्तर मी दरवर्षी न्यायचे. कारखान्यावर पाचटाच्या कोपीत, आमच्या झोपडीत, ते एका कोपऱ्यात पडून राहायचं, आणि चैत्रात परत आले की शाळेतला तुमचा वर्ग माझ्या फार पुढे गेलेला असायचा. तुम्ही एसटीने फाट्यावर उतरून उन्हातून चालत आला होतात. चपलांवर धूळ होती. पाणी प्यायच्या आधीच तुम्ही आईला म्हणालात, "हिला माझ्याकडे सोडा. तुम्ही परत येईपर्यंत माझ्या घरी राहील, शाळेत जाईल."

आजूबाजूचे सगळे थांबले. शेजारची म्हातारी तुम्हाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, "मुसलमानाच्या घरी ठिवायची व्हय लेकरू?" तुम्ही तिच्याकडे पाहिलं नाही. तुम्ही माझ्या आईकडेच बघत राहिलात. आईने शेळीचं दावं हातात गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मला वाटलं, आता नाही म्हणणार. मग ती म्हणाली, "बाई, तुमच्या घरी जवारीची भाकर होती का? हिला भात चालत न्हाई. भात खाल्ला की हिचं पोट भरत न्हाई."

"होते की. माझी अम्मी करते," तुम्ही म्हणालात. "मला येत नाही. माझी थापता थापता तुटते."

आई जराशी हसली. "मंग ठीक हाय," म्हणाली. एवढंच बोलणं झालं. माझं पुढचं सगळं आयुष्य त्या एवढ्याशा बोलण्यावर उभं आहे. गाडी निघाली तेव्हा बाप मागे वळून बघत होता आणि आई मुद्दाम पुढे बघत होती. तुम्ही माझं दप्तर स्वतःच्या खांद्याला लावलंत आणि म्हणालात, "चल, तीनची एसटी चुकेल."

तुमच्या घरात तुम्ही आणि तुमची अम्मी, दोघीच. पहिले काही दिवस मला जेवण जात नव्हतं. तुम्ही कधी जवळ घेतलं नाही, समजावलं नाही. तुम्हाला ते जमतच नसावं. अम्मी मात्र ताटासमोर बसून म्हणायची, "कायकू रोती गे? खट्टा चाख के देख." एका दिवशी खिचडी आणि चिंचेचा खट्टा होता. अम्मी चिंच कोळत होती आणि चिंचोके एका वाटीत टाकत होती. माझे डोळे भरून आलेले तुम्ही पाहिलेत आणि उठून गेलात. मला वाटलं, चिडलात. तुम्ही परत आलात ते भाजून फोडलेल्या चिंचोक्यांची पुरचुंडी घेऊन, आमच्याकडे पोरी पटावर खेळताना टाकतात तसले. एका बाजूने काळपट, एका बाजूने पांढरे. म्हणालात, "टाक जमिनीवर." मी टाकले. "पांढरे पडलेत ते बाजूला काढ. उरलेले परत टाक." मी टाकत गेले, काढत गेले. ढीग दर वेळी साधारण निम्मा होत होता. तुम्ही चुलीजवळ मांडी घालून बसलात आणि सांगायला लागलात की काही पदार्थांचे अणू असेच असतात. ठराविक काळ गेला की त्यातले निम्मे बदलून जातात, मग तेवढ्याच काळात उरलेल्यातले निम्मे. किती उरलेत ते मोजलं की किती काळ गेला ते कळतं. "यातला नेमका कोणता चिंचोका आता पांढरा पडेल, सांगशील?" मी मान हलवली. "कुणालाच सांगता येणार नाही. पण मूठभर असले की किती उरतील ते सांगता येतं. एकेकाचं कळत नाही, सगळ्यांचं मिळून कळतं." मी रडायचं विसरले होते. अम्मीने तेवढ्यात ताटात खिचडी वाढली, वर खट्टा ओतला, आणि मी जेवले. फार वर्षांनी विद्यापीठात तोच धडा फळ्यावर इंग्रजीतून शिकवला गेला, आणि भरल्या वर्गात मला चिंचेचा वास आला.

थंडीत एका रविवारी तुम्ही आम्हा तीनचार पोरींना नदीवर नेलं होतं. गोदावरीचा काठ एका ठिकाणी खचला होता आणि आतले गोटे उघडे पडले होते. तुम्ही साडी खोचून खाली उतरलात. बराच वेळ शोधून एक दगड माझ्या हातात दिलात. त्याच्या एका कडेचे टवके कुणीतरी उडवल्यासारखे होते, आणि अंगठा ठेवायला खाच होती. माझा अंगठा तिथे बसला. "फार जुन्या काळी या काठाला माणसं होती," तुम्ही सांगत होतात. "शेती नव्हती, गावं नव्हती. शिकार सोलायला असा दगड वापरायची."

मी विचारलं, "बाई, ती कुणाची माणसं होती?" आमच्या गावात कुणीही दिसलं की पहिला प्रश्न तोच असतो. कुणाचा रे तू?

तुम्ही दगडाची माती पुसत म्हणालात, "तेव्हा माणसं अजून कुणाची झाली नव्हती."

चैत्रात आई परत आली. हात सोलवटलेले, तोंड उन्हाने काळं पडलेलं. तुमच्या दारात तिने माझं प्रगतिपुस्तक उलटं धरून पाहिलं आणि एकदम तुमच्या पायावर वाकली. तुम्हाला इतकं चिडलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. "उठा आधी! हे चालायचं नाही माझ्याकडे," म्हणत तुम्ही तिला दंडाला धरून उठवलंत. "पाया पडून मोकळं व्हायचं नाही. पुढच्या दिवाळीला परत आणून सोडायचं. सोडणार का, ते सांगा." आई घाबरून म्हणाली, "सोडते की, बाई. न्हाई कुठं म्हणले?" तिने दरवर्षी सोडलं. शाळा संपेपर्यंत माझे हिवाळे तुमच्या घरात गेले. शाळेत मी तुम्हाला बाई म्हणायचे आणि घरी आपा. दारातल्या पायरीवर माझ्या तोंडातला शब्द आपोआप बदलायचा.

तुम्ही गेलात तेव्हा मी एमएस्सीच्या परीक्षेत होते. कुणी कळवलं नाही. माझं पेपरात लक्ष लागणार नाही म्हणून तुम्हीच तसं सांगून ठेवलं होतं म्हणे. मी आले तेव्हा अम्मी भिंतीला टेकून बसली होती. तिने मला पाहिलं. उठली आणि भाकरी थापायला बसली. मी कब्रस्तानाच्या भिंतीबाहेर उभी राहिले आणि परत निघाले.

मागच्या उन्हाळ्यात आम्ही आमच्या गावच्या शाळेत सभा घेतली. ज्यांनी नमुने दिले त्यांना काय निघालं ते समजेल अशा भाषेत सांगायचं, असा आमचा नियम आहे. शाळेचा वर्ग भरला होता. पुढे बायका बसल्या होत्या आणि त्यांत माझी आई, गुडघे दुखतात म्हणून तिला खुर्ची दिलेली. मागे दाराशी तुमचा पुतण्या उभा होता, सोनपेठला शिलाईचं दुकान चालवतो तो. त्यानेही नमुना दिला होता, म्हणून दुकान बंद करून आला होता. मी पडद्यावर ठिपक्यांचं चित्र दाखवलं. एक ठिपका म्हणजे एक माणूस, ठिपक्यावर नाव नाही, समाजाचा रंग तेवढा वेगळा. सांगायला सुरुवात केली नाही तोच आमच्या भावकीतला एक तरुण उठला.

"मॅडम, बाकी राहू द्या," तो म्हणाला. "आपल्या गावात मूळचे कोण आन् बाहेरचे कोण, तेवढं सांगा. एकदाचं कळू द्या सगळ्याला."

बाई, गावात हे बोलणं अलीकडे वाढलं आहे. पूर्वी पारावर पिकाचं बोलणारी माणसं आता फोनवर काहीतरी बघून हे बोलतात. तुमच्या पुतण्याने नजर खाली घातली आणि हात पाठीमागे बांधले. मी त्या तरुणाकडे न बघता पडद्याकडे बोट केलं. मी सांगायला लागले की मागे जात राहिलं तर इथे कुणीच मूळचं नाही, सगळेच कधी ना कधी कुठून तरी आलेले, आणि आल्यावर एकमेकांत मिसळलेले. बघा, हे सगळ्या रंगांचे ठिपके एकमेकांत कसे सरमिसळ झालेत, वेगळे काढता येत नाहीत. शब्द बरोबर होते, पण ते पहिल्या रांगेपर्यंतसुद्धा पोचत नव्हते. तो तरुण तसाच उभा होता.

तेवढ्यात माझी आई खुर्चीतून म्हणाली, "बाहेरचं म्हणशील तर मी हाय बाबा. माझं माहेर मानवतकडं."

कुणीतरी फिसकन हसलं. आईला तेवढं पुरलं. "तुझी माय बी बाहेरचीच की रे. पाथरीकडून आणली तिला. तिच्या वरातीत मी नाचले, इचार तिला. ह्या खोलीत जितक्या बाया बसल्यात, समद्या बाहेरच्या. आमाला हाकलायलाव का आता?"

बायका पदरात तोंड घालून हसायला लागल्या, मग पुरुषही हसले. त्या तरुणाची आई हसता हसता डोळे पुसत होती. तो मात्र हसला नाही, खाली बसला. सभा संपल्यावर माझ्याकडे आला आणि हळूच म्हणाला, "माझं एकट्याचं काय निघालं, ते तरी सांगा." मी म्हटलं, एकेकाचं सांगता येत नाही, नमुन्यावर नावच नसतं. "मंग काय उपेग?" तो म्हणाला आणि गेला. त्याला काही पटलं असं मला वाटत नाही. पण जाताना दाराशी तुमचा पुतण्या होता, त्याला तो "चल, येतो" म्हणाला. एवढं मी पाहिलं.

तुमच्या पुतण्याने मला मोटारसायकलवर सोनपेठपर्यंत सोडलं. स्टँडवर चहा पिताना तो सहज म्हणाला, "तुमाला ठिवून घेतलं तवा फुप्पीला आमच्या घरातून लय बोलणी बसली होती. माझे अब्बा वरीसभर तिच्याशी बोलत नव्हते. दुसऱ्याची पोरगी, उद्या काही झालं तर गाव आपल्यावर येईल म्हणायचे." तुमच्या घरात इतके हिवाळे काढले आणि हे मला कधी दिसलं नाही. ईदला तुमचे भाऊ का यायचे नाहीत, असं मी एकदा विचारलं होतं. तुम्ही म्हणाला होतात, "त्यांना वेळ नसतो." आणि मला पाढे म्हणायला लावले होते.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. सभेत ती सांगितली नाही आणि प्रयोगशाळेत तर सांगता येणारच नाही. ते ठिपक्यांचं चित्र पहिल्यांदा संगणकावर उघडताना मी खोलीचं दार लावून घेतलं होतं. तुमच्या रंगाचे आणि आमच्या रंगाचे ठिपके जवळ यावेत, असं मला मनापासून वाटत होतं. संशोधन करणाऱ्याला असं वाटू नये. मी मोजण्यात काही केलं नाही, बाई. सगळं दुसऱ्यांकडून पुन्हा तपासून घेतलं. ते जवळ आले आणि मी एकटीच खोलीत हसले. पण तेव्हापासून एक विचार सुटत नाही. ते लांब आले असते तर? तर त्या सभेत माझ्याकडे बोलायला काय होतं? खरं तर तेव्हाही तेच बोलायचं होतं, की ठिपके लांब असोत की जवळ, तुम्ही उन्हातून चालत आमच्या दारात आला होतात. तेवढं बोलायला मला काही मोजायची गरज नव्हती. मी ते बोलले नाही. पडद्याकडे बोट दाखवणं सोपं होतं.