यंदाची थंडी, माझी सायकल आणि तुमचा दत्तू

द्वारका, नाशिक
गुरुवार, दुपारचं ऊन नुकतंच खिडकीत आलंय

तीर्थस्वरूप अक्काबाई,

थंडीने आखडलेली कंबर वाकेल तितकी वाकून नमस्कार. तुमचे गुडघे काय म्हणतात? कांद्याला रात्रीच्या लाइटीत पाणी द्यायला अजून तुम्हीच जाता का? (नाही म्हणू नका. खलीलभाईंनी गेल्या खेपेला तुम्हाला गमबूट घालून बांधावर उभं पाहिलंय.) गाय व्याली का? तिच्या अंगावर पोतं टाकता तसं स्वतःच्या अंगावरही काही टाकत जा. इकडे आम्ही ठीक आहोत. खोबरेल तेल बाटलीत गोठलंय, आंघोळीला रोज पहिलं कोणी जायचं यावरून वाद होतो, म्हणजे घर ताळ्यावर आहे.

फोन असताना ही बाई पत्र का लिहितेय, असं तुम्हाला वाटेल. अक्का, फोनवर तुम्ही बोलता आणि मी ‘हो अक्का, नाही अक्का’ एवढंच म्हणते. शिवाय तुमचा फोन आला की हे खुर्ची ओढून शेजारी बसतात, आणि मला जे सांगायचंय ते त्यांच्याविषयीच आहे. पत्रात तुम्हाला मला मध्ये थांबवता येणार नाही. खलीलभाई शनिवारी टेम्पो घेऊन चांदवडच्या मार्केटला येणार आहेत, त्यांच्याच हाती देते. चष्मा लावून, बसून वाचा.

मी सायकलवर शाळेत जाते हे तुमच्या कानावर आलंच असेल. आलंय ते खरं आहे. आषाढात यांना झटका आला, स्टेंट बसला, एसटीची नोकरी यांनी आपण होऊन सोडली, आणि मला शाळेत सोडायला येणारी मोटारसायकल जिन्याखाली कापड पांघरून बसली. मला एकलहऱ्याच्या वाटेवरच्या शाळेत सकाळी सातच्या आत पोचून ऑफिस उघडावं लागतं. रिक्षा बदलत बदलत जायचं म्हणजे अर्धा जीव द्वारकेच्या चौकातच जातो. तेव्हा खालच्या मजल्यावरची हाजरा म्हणाली, “भाभी, मैं तो सायकलसेच जाती. तुम्ही पण चला ना.” हाजरा म्हणजे खलीलभाईंची बायको, आमच्याच शाळेत चित्रकला शिकवते. मी सटाण्याला शाळेत असताना सायकल चालवायची. एकदा शिकलेली सायकल माणूस विसरत नाही म्हणतात, ते खरंच आहे. मी फक्त थांबायचं कसं तेवढं विसरले होते.

दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत सगळं झकास चाललं. मग थंडी आली. निफाडचा पारा किती उतरला ते पेपरात वाचून मी आदल्या दिवशीच कपाट उघडून बसले. आत थर्मल, त्यावर पंजाबी ड्रेस, त्यावर यांचा खाकी स्वेटर, त्यावर माझा स्वेटर, छातीपोटाला वारा लागू नये म्हणून थर्मलच्याही आत कालचा पेपर, वरून विंडचीटर, डोक्याला माकडटोपी आणि त्यावर हेल्मेट. (हेल्मेट बसेना. मग माकडटोपीचा गोंडा कापला. तो गोंडा तुम्हीच विणला होता, त्याबद्दल माफी असावी.) हाजरा जिन्याखाली साधं जाकीट घालून उभी होती. माझ्याकडे बघून म्हणाली, “भाभी, निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. नाही वाजली तर समजायचं कपडे जास्त झाले.” मी मनात म्हटलं, हिचं वय काय, माझं वय काय.

अक्का, उपनगर नाका येईपर्यंत मी आतून इडलीसारखी वाफवून निघाले. चष्म्यावर वाफ, पाठीतून घामाच्या धारा, आणि छातीवरचा पेपर भिजून असा चिकटला की आंघोळीच्या वेळी माझ्या पोटावर सोन्याचा भाव उलटा उमटलेला होता. सिग्नलला थांबून मी एकेक कपडा उतरवायला लागले. एक स्वेटर हँडलला, एक कॅरिअरला, विंडचीटर खांद्यावर. तेवढ्यात एक बाई जवळ आल्या, हँडलवरचा स्वेटर चिमटीत धरून उलटापालटा केला आणि विचारलं, “हा केवढ्याला दिला? आणि लहान मुलांचे नाहीत का?” मी विकायचा नाही म्हटलं, तर फणकारल्या, “मग रस्त्यात मांडलाय कशाला?” हाजरा हसून हसून फुटपाथवर बसली. पुढे घाम गार झाला आणि शाळेत पोचेपर्यंत माझे दात असे वाजत होते की शिपायाने प्रार्थनेची घंटा दिली नाही तरी चाललं असतं. तेव्हापासून मी हाजराचं ऐकते. आत पातळ, मध्ये एकच लोकरीचं, बाहेर वारा अडवणारं, कानाला पट्टी, आणि शाळेच्या कपाटात कोरडा ड्रेस. सायकलच्या मागे लाल लुकलुकणारा दिवाही लावलाय, कारण सिन्नर फाट्याच्या पुढे धुकं असं उतरतं की आपल्याच पुढचं चाक उसनं आणल्यासारखं वाटतं.

राहता राहिले हात. लोकरीच्या मोज्यांतून वारा सुया टोचतो, म्हणून मी त्यावर भांडी घासायचे पिवळे रबरी मोजे चढवले. ऊब उत्तम. पण त्या फुगलेल्या बोटांना ब्रेक कुठे आहे तेच कळेना. सिन्नर फाट्यावर गोजराबाई भाजी मांडून बसतात, त्यांच्या मेथीच्या ढिगात मी सायकलसकट अगदी सावकाश जाऊन बसले. मला काही लागलं नाही, मेथीला लागलं. गोजराबाई म्हणाल्या, “आगं बया, मेथी घ्यायची तर तोंडानं सांग ना! लय घाई हे का?” मी चुरगळलेल्या सगळ्या जुड्या घेतल्या. त्या आठवड्यात आमच्याकडे मेथीची भाजी, मेथीचे पराठे, मेथीचं पिठलं झालं, आणि शेवटी ह्यांनी चहाचा कपही आधी हुंगून पाहिला.

आता इथून पुढचं नीट वाचा.

मेथीचं कारण विचारल्यावर मला खरं सांगावं लागलं. हे एकदम पांढरे पडले. “उद्यापासून सायकल बंद,” म्हणाले. अक्का, तुम्ही यांना दिवाळीत पाहिलंत तेव्हा पाहुणे होते म्हणून हे जरा बरे बसले होते. एरवी दिवाळीपासून हे गोधडीतच होते. टीव्ही बघताना दोन बोटं मनगटावर, नाडी मोजत. शिंक आली तरी माझ्याकडे बघायचे, ही शेवटची की काय म्हणून. ज्या माणसाने भरलेली एसटी पावसात घाटातून एका हाताने खाली आणली, तो माणूस दूध घ्यायला जिना उतरेना. कारण तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. मामंजी याच वयात गेले, आणि पौषातच गेले. हे तोंडाने कधी म्हणाले नाहीत, पण कॅलेंडरकडे मात्र बघत राहायचे. आणि आपण दोघींनी काय केलं? तुम्ही फोनवर म्हणालात, “त्याला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देऊ नकोस,” आणि मी खरंच तांब्या उचलू दिला नाही. लोणच्याची बरणी जपावी तसं आपण त्यांना फडताळात ठेवून दिलं.

त्या दिवशी मात्र मी बोलले. म्हटलं, “तुम्ही बसा गोधडीत. मी सकाळी सायकलवरच जाणार. घरातल्या दोघांनी भिऊन चालणार नाही.” यांनी गोधडी डोक्यावरून ओढून घेतली. मी सकाळी गेले.

पुढच्या आठवड्यात धुकं इतकं दाट पडलं की हाजरा म्हणाली, ट्रकवाल्याला आपण दिसत नाही तर कशाला जीव द्यायचा, धुकं असेल त्या दिवशी खलीलभाईंच्या टेम्पोतून जाऊ. पण अंग आखडू नये म्हणून तिने रविवारचा गच्चीवरचा कार्यक्रम काढला. आधी दोरीच्या उड्या मारल्या. (मी मारलेल्या उडीने गच्चीखालच्या मजल्यावरच्या लोकांचा पंखा हलला, असं ते म्हणतात. थंडीत पंखा लावायचा कशाला?) मग मी शाळेतून शनिवारीच मागून आणलेल्या दोन लेझमी काढल्या. ऊन छान होतं. हाजरा पत्र्याच्या डब्यावर ठेका धरायची आणि मी नाचायची, मग आलटून पालटून. आमचा आवाज आम्हाला तरी बरा वाटत होता.

तेवढ्यात गच्चीचं दार वाजलं आणि दारात हे उभे. अंगात बंडी, गळ्याला मफलर, दोन जिने चढून आलेले. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. माझ्या हातून लेझीम गळून पडली. हाजराने डबा सोडला आणि पायरीवर चादर अंथरली. हे बसले. आम्ही दोघी त्यांच्या तोंडाकडे बघत उभ्या, श्वास रोखून, म्हणजे श्वास नक्की कोणाला लागलाय ते कळू नये. मग हे म्हणाले, “चौथ्या ठोक्याला खाली वाकायचं असतं. रविवारभर चुकताय. माणसाने किती वेळ ऐकून घ्यायचं?”

आणि अक्का, त्यांनी बसल्या बसल्या माझी पडलेली लेझीम उचलली आणि छुम केली. लग्नाला एवढी वर्षं झाली, यांना लेझीम येते हे मला ठाऊकच नव्हतं. तुम्हाला होतं ना? मग कधी सांगितलंत का नाही?

दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, मी त्यांना घेऊन डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर सगळे कागद बघून म्हणाले, “मी तर ऑक्टोबरातच सांगितलं होतं, रोज चाला, हळूहळू सायकलही चालवा. थंडीत ऊन वर आल्यावर, छाती आणि तोंड झाकून. कोणी अडवलं?” हे माझ्याकडे बघायला लागले. मी भिंतीवरच्या हृदयाच्या चित्राकडे बघायला लागले. तुमचं नाव मी घेतलं नाही, निश्चिंत असा.

हाजराची जुनी, पुढे टोपली असलेली लेडीज सायकल यांनी घेतली. आधी आठवडाभर कॉलनीतल्या मैदानात, मग आठवडाभर गल्लीत, मग मोठ्या रस्त्यावर, ऊन पडल्यावर, मफलर नाकापर्यंत. अक्का, एसटी ड्रायव्हर सायकलवर म्हणजे काय ते बघायलाच हवं. वळताना हात असा बाहेर काढतात की मागचा सगळा रस्ता थांबतो. नसलेल्या आरशात बघतात. खड्ड्याशी बोलतात. आणि बसथांबा आला की यांचा पाय आपोआप खाली टेकतो! मोठ्या रस्त्यावरच्या पहिल्या दिवशी प्रत्येक थांब्यावर थांबले. एका थांब्यावर एका आजीबाईंनी विचारलंसुद्धा, “भाऊ, निमाणीला जाती का?” हे अगदी गंभीरपणे म्हणाले, “नाही आजी, मागची जाती.”

परवाची गोष्ट. दुपारी शाळा सुटली, ऑफिसला कुलूप लावलं आणि मी बाहेर आले. फाटकाशी रिक्षांची गर्दी होती, त्यात टोपली असलेली लाल सायकल, आणि ती धरून हे उभे. हेल्मेट थोडं तिरकं, नाक लाल, कपाळावर घाम. द्वारकेपासून एवढं लांब, एकटे आले होते. रागवायचं होतं मला. तर हे घड्याळाकडे बघून म्हणाले, “चला बाई, गाडी सुटायची वेळ झाली.”

उन्हातून आम्ही दोघं पुढे मागे घरी आलो. वाटेत उपनगर नाक्याला उसाचा रस प्यायलो. (त्यांना अर्धाच दिला, शुगरही बघावी लागते.) यांनी वाटेत एकदाही मनगटाला हात लावला नाही. मी मागून बघत होते.

बाकी विशेष काही नाही. बाजरी पाठवलीत ती उत्तम निघाली. थंडीत पाण्यात फार राहू नका.

तुमची धाकटी भावजय,
ज्योत्स्ना

ता.क. रविवारी आम्ही दोघं सायकलने तुमच्याकडे चांदवडला येतोय. दचकू नका. डॉक्टरांना विचारलंय.

ता.क. पुन्हा एकदा. ‘सायकलने’ म्हणजे, सोग्रस फाट्यापर्यंत दोन्ही सायकली आणि आम्ही खलीलभाईंच्या टेम्पोत. तिथून पुढे ऊन वर आल्यावर सायकलवर, आणि मागून खलीलभाई दिवे लुकलुकवत. पण हे तुम्हाला सांगणार की थेट नाशिकपासून चालवत आलो. तुम्ही विश्वास ठेवा. एवढ्यासाठी पत्र लिहिलं, असं समजा.

ता.क. शेवटचा, आणि खरं तर एवढ्यासाठीच लिहिलं. हे दारात उतरतील तेव्हा धापा टाकत असतील. अक्का, तुम्ही रस्त्यावर धावत येऊ नका. खुर्ची आणू नका. छातीवर हात ठेवून बघू नका, आणि मामंजींचं नाव काढू नका. सायकल त्यांची त्यांना भिंतीला लावू द्या. पाण्याचा तांब्या ओट्यावर ठेवा आणि तो त्यांचा त्यांना उचलू द्या. आणि ‘काय रे दत्तू, उशीर केलास, भाकरी निवली’ असं जरा रागावूनच म्हणा. रडायचं असेल तर मी आत येईपर्यंत थांबा. चुलीला ओली लाकडं घाला, म्हणजे दोघींना कारण राहील.