उंबरठ्याला जपानीत काय म्हणतात

तांडापेठ, नागपूर
८ फेब्रुवारी १९५९

प्रिय केशव,

रागाच्या भरात मी तुला ते पत्र लिहिलं, त्याला सात महिने झाले. तुझं उत्तर नाही. माझाच मुलगा तू, हट्ट दुसऱ्या कोणाचा असणार!

यंत्रमाग शिकायला जपानला जाताना तू इथेच विसरलेली वही दिवाळीच्या साफसफाईत सापडली. एका पानावर घराच्या भागांची जपानी नावं होती. खिडकी म्हणजे मादो, खांब म्हणजे हाशिरा. मागावर बसल्या बसल्या एक पाठ केलं, मग दुसरं. आता नादच लागला आहे. दर रविवारी सायकलवर रामदासपेठेत जातो, तुला शिकवणाऱ्या वामनरावांकडे. कोबेला बारा वर्षं कापड विकून आलेला माणूस, पण एक उच्चार चुकला तर चहा थांबवून ठेवतो! स्वयंपाकघर म्हणजे म्हणे दायदोकोरो. एवढं लांब नाव घेईपर्यंत पोळी करपायची.

शब्द डोळ्यांसमोर राहावेत म्हणून चिठ्ठ्या करून जागोजागी डकवल्या. शेवटी कोष्ट्याचंच डोकं; ताण्याला लावायची खळ घरात होती, तीच वापरली. ज्वारीच्या पिठाची ती! दोन दिवसांत उंदरांनी खिडकी, खांब, छप्पर सगळं फस्त केलं. मग गेरूने भिंतीवरच लिहून काढलं. तुझी आई म्हणाली, "लेकाले घरात घ्याचं सोडून भितीले काहून शिकवून राह्यले?" मी खाली मान घालून धोटा फेकत राहिलो.

पाय सोडून बसतो त्या मागाच्या खड्ड्याला काय म्हणतात, ते वामनरावांनाही ठाऊक नाही. ती जागा कोरी ठेवली आहे. तुझ्या बायकोचे, फुमिकोचे वडील विणकर आहेत असं तू लिहिलं होतंस. त्यांच्याकडे असा खड्डा असतो का, तिला विचार. मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

उंबरठ्याला शिकिई म्हणतात. वामनराव सांगत होते, तिकडेही त्यावर पाय देत नाहीत, ओलांडूनच आत येतात. त्या दिवशी मी सायकल हातात धरून घरापर्यंत चालत आलो. तू लग्न केल्याचं कळल्यावर, माझा उंबरठा पुन्हा ओलांडू नकोस, असं मीच लिहिलं होतं ना? केशव, मी चुकलो. दोघंही या. तुझ्या आईने मापासाठी कुहीचा नवा तांदूळ आणून ठेवला आहे. तिकडे म्हणे भाताचं एक शीतही वाया घालवत नाहीत, तेव्हा माप लवंडताना पोरगी कचरेल. तिला आधीच सांगून ठेव, आपल्याकडे सुनेनं घरात येताना तेवढा एकदाच तांदळाला पाय लावायचा असतो, आणि तिला कोणी रागावणार नाही.

वाट पाहणारा तुझाच,
बाबा