आईचे पाय आणि तुझं प्रवचन

लोणावळा, फेब्रुवारी १९३४

प्रिय प्रभाकर,

सलाम. आईचे गुडघे कसे आहेत म्हणून तू एक ओळ लिहिलीस. चार वर्षांत तिने तुझं तोंड पाहिलेलं नाही, तेव्हा ओळ तरी आली हे नशीब. गुडघ्यांचं सांगतेच, पण आधी तुझ्या प्रवचनाने आमच्याकडे काय धुमाकूळ घातलाय तो ऐक. नाताळात हे नगरच्या सभेला आले आणि तुझ्या तोंडून ऐकून गेले, की गुरूने शिष्यांचे पाय धुतले, मग आपण कोण मोठे लागून गेलो? झालं! नुसत्या खाकरण्याने घर हलवणारा माणूस गाडीतून उतरला तो सेवक होऊनच.

सुरुवात इंजिनशेडपासून. हे स्वतः मिस्त्री असून फावडं घेऊन राख उपसायला उतरले आणि हाताखालच्या रखमाजीला विचारू लागले, घरी सगळी खुशाल ना? रखमाजी बिचारा गारठलाच. "मिस्त्री, चुकलं आसंल तर चार शिव्या घाला, पर कामावरनं काढू नगा," म्हणून हात जोडून उभा. शिव्या बंद झाल्यामुळे घाई कधी आणि सवड कधी हेच कुणाला कळेना, आणि घाटात गाडी ढकलायचं इंजिन उशिरा निघालं. साहेब भडकला, तेव्हा यांनी चूक आपल्या अंगावर घेतली. तेव्हापासून मात्र शेड न ओरडता चालतं, हे मान्य करायला हवं.

घरातली सेवा मला महाग पडली. एकदा प्रार्थनेहून येते तो माझी पितळेची भांडी यांनी विटकरीच्या चुऱ्याने घासून ठेवलेली. इंजिनाचा गंज काढायचा हात तो! नवी कल्हई पार निघाली आणि आमटी कळकायला लागली. त्यात यांना धुणं पिळताना पाहून शेजारच्या नंदाबाईंनी मला हळूच विचारलं, या वयात दिवस गेले की काय?

मग पाळी आईची. कोमट पाण्याचं घमेलं आणि तेलाची वाटी घेऊन हे तिच्या खाटेपाशी बसले. तिने पाय गोधडीत ओढले. बाप्तिस्मा होऊन इतकी वर्षं झाली, तरी बाई अजून गावाकडच्या जुन्या रीतीचीच. "जावयानं सासूच्या पायाला हात लावायचा? लोकं शेण घालतील माज्या तोंडात!" रोज हे आले की ती मांडी घालून लुगड्यात पाय लपवायची. लपवून लपवून गुडघे असे धरले, की एका संध्याकाळी पाय सरळच होईनात. तेव्हा कुठे शरण आली. आता दिवेलागणीला आपणहून पाय पुढे करते. मला हसू येतं आणि नवऱ्याचा अभिमानही वाटतो. घे, लिहून टाकलं.

पण पत्र त्यासाठी नाही. काल हे तेल चोळत होते. आईला हल्ली नीट दिसत नाही. डोळे मिटून ती म्हणाली, "बास रं परभा, दमला असशील." यांनी चूक सुधारली नाही. नुसतं "व्हय" म्हणाले आणि चोळत राहिले. मी चुलीपाशी बसून रडले. तुझ्या मंडळीतल्या एकेका म्हातारीच्या उशाशी तू जाऊन बसतोस, असं हे कौतुकाने सांगत होते. बाबा रे, एक म्हातारी इथेही आहे. या रविवारी प्रवचन दुसरं कुणी करील, पण परभा म्हटल्यावर ओ द्यायला दुसरं कुणी चालणार नाही. निघून ये.

वाट पाहणारी,
तुझीच ताई
सत्यवती