कारंज्याच्या चौकातली खोटी खिडकी

४ मार्च

झाला! चौक पुरा झाला! आज शेवटची फरशी बसली. मध्ये अष्टकोनी कारंजं, चारी बाजूंनी कमानी. आमच्या आर्किटेक्ट सरांनी डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाले, "बरं जमलंय." बरं! ऑफिसात आजवर 'ठीक'च्या वर कुणाला काही मिळालेलं नाही.

आमचं गाव धरणाखाली जाणार, म्हणून हे नवं गाव. मग त्यात नुसती खुराडीच का असावीत? सौंदर्य आमच्यासारख्यांच्याही वाट्याला यायला हवं. नोकरीच्या मुलाखतीतही मी हेच म्हटलं होतं. सर तेव्हा चहा पीत होते.

६ मार्च

उत्तरेच्या ओळीतली स्वयंपाकघरं चौकाकडे येतात. तिथे खिडक्या ठेवल्या की झालंच — भांडी, फडकी, धूर! म्हणून मी खोट्या खिडक्या केल्या. चौकट, झडपा, नक्षी, सगळं आहे. मागे सलग भिंत. कल्पना माझीच. सरांना इतकी आवडली की ते ती सगळीकडे स्वतःची म्हणून सांगतात.

१५ मार्च

घरांच्या चिठ्ठ्या निघाल्या. बाबांच्या हाताला उत्तरेची ओळ लागली.

बाबा नाचायचेच बाकी होते! "कारंज्यासमोर घर! स्वयंपाकघराला नक्षीची खिडकी! आमच्या पोरीने काढलीय!" अख्ख्या मांडवाला सांगत सुटले. मी हसले. दुसरं काय करणार?

२ एप्रिल

राहायला आलो. आत खिडकी दिसेना, म्हणून आईने सकाळीच ती बाहेरून उघडून पाहिली. उघडेना. मग बिजागरीला तेल सोडलं. मग बाबांना कामाला लावलं. मी आत सामान लावत होते — फार मन लावून.

शेवटी सुतार आला. झडप ठोकून पाहिली आणि मागे सरकला. "वहिनी, ही उघडायची तर आधी भिंत उघडावी लागेल."

आईने माझ्याकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

मी प्रमाणबद्धतेबद्दल सांगितलं. समोर खिडक्या आहेत म्हणून इकडेही दिसायला हव्यात. डोळ्याला तोल लागतो.

"मला उजेड लागतो गं," आई म्हणाली, आणि दिव्याचं बटण शोधू लागली.

९ एप्रिल

भरदुपारी दिवा लावून स्वयंपाक! शेजारची काकू येता-जाता खोटी खिडकी ठोठावते. "आहेस का गं घरात?" आई आतून ओरडते, "ये की, खिडकीतूनच ये!" दोघी हसून बेजार. मला हसू येत नाही. बाबा अजूनही पाहुण्यांना खिडकी दाखवतात — फक्त बाहेरून.

१८ एप्रिल

आई विळी घेऊन कारंज्याच्या काठावर जाऊन बसली! म्हणे, "आत मला भाजी कुठली आणि बोट कुठलं कळेना." पाठोपाठ काकू. जेवणवेळेपर्यंत अख्खी ओळ बाहेर. कुणी पाखडतंय, कुणी निवडतंय, आणि काकूने करपलेलं पातेलं कारंज्यात भिजत घातलंय. माझ्या कारंज्यात!

चित्रात मी तिथे छत्री घेतलेली बाई आणि तिचा कुत्रा काढला होता. कुत्रा तेवढा आलाय.

२७ एप्रिल

परवा पाहणी समिती येणार. सर म्हणाले, "चौक स्वच्छ, मोकळा दिसला पाहिजे. त्या बायकांना आत बसव. पाहणी नीट झाली तर पुढच्या गावांचं काम तुझ्याकडे."

आईला सांगितलं. "आत बसून करू काय? अंधाराला वारा घालू?" मग म्हणाली, "बरं बाई. तुझ्या नोकरीचं आहे ना."

भांडली असती तर बरं झालं असतं.

२९ एप्रिल

समिती वेळेआधीच आली! अख्खी ओळ अजून बाहेरच होती. काकू कोपरापर्यंत कारंज्यात हात घालून पातेलं खरवडत होती. सरांचा चेहरा चुन्यासारखा झाला.

समितीच्या बाई थबकल्या आणि चक्क टाळ्या वाजवल्या. "असे चौक सगळीकडे ओस पडलेले असतात! इथे बायका बाहेर आल्या कशा?"

सरांनी आवंढासुद्धा गिळला नाही. "तीच तर मूळ कल्पना! स्वयंपाकघराला खिडकीच ठेवली नाही."

बाई म्हणाल्या, पुढच्या सगळ्या गावांत असंच करा. चारी बाजूंना!

मी पुढे झाले. "पण आत अंधार असतो..."

"ही आमच्या ऑफिसातली मुलगी," सर म्हणाले, "फार विनयशील आहे."

२ मे

पुढच्या गावांचे नकाशे माझ्या टेबलावर. वर माझं नाव! बाबांनी ते दोनदा वाचून घेतलं. मी उत्तरेला खऱ्या खिडक्या काढल्या. सरांनी कागद परत सरकवला. "एक जरी खिडकी उघडी दिसली तर काम दुसऱ्याकडे जाईल. तूही दुसरीकडे जाशील."

मी "विचार करते" म्हणाले. का म्हणाले?

५ मे

रजा टाकली. गवंड्याकडून छिन्नी-हातोडा आणला. पहिला घाव मी घातला. बाबा चौकातून ओरडत होते, "नक्षी सांभाळा!" मग तेही आत आले. भगदाड पडलं आणि ऊन थेट चुलीपर्यंत आलं.

आईने उजेडात चारी भिंतींवरून नजर फिरवली. मग म्हणाली, "अगं बाई, भिंतींना हा असला शेवाळी रंग निवडला कुणी?"

मीच.

सरांचा फोन वाजतोय. वाजू दे. काकूची भिंत अर्धी फोडून झालीय.