पेन्सिलचा तास

३ जुलै

मामाची यादी झाली एकदाची! ऑक्टोबरपर्यंतच्या सगळ्या ओहोट्या. बोटं दुखतायत. एप्पोमामाला आता भरती-ओहोटीच्या पुस्तकातले बारीक आकडे दिसत नाहीत. मोतीबिंदू. ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणतो, "चिखल मला पायांनी दिसतो."

वहीच्या पहिल्या पानावर आमचा नियमही लिहून ठेवला. पुस्तक बारा महिने हिवाळी वेळच छापतं, आणि उन्हाळ्यात देशभर घड्याळं तासभर पुढे केलेली असतात. तेव्हा पेन्सिल म्हणजे पुस्तकातली वेळ, तास मिळवायचा बाकी. शाई म्हणजे तास मिळवून झालेला, खरी वेळ. आजोबांपासून हेच चालत आलंय. मी सगळीकडे तास मिळवूनच लिहिलं, निळ्या शाईत. मध्ये पेन रुसलं, दुसरं शोधेपर्यंत काही ओळी कशाबशा उरकल्या. खालून मामी ओरडत होती, मोहरीचं सूप गार होतंय म्हणून.

मामानं वही नाकाशी धरली. "याहून वाईट अक्षर पाहिलंय." म्हणजे स्वारी खूश. या माणसाकडून याच्यापेक्षा जास्त कौतुक मिळत नाही.

१९ जुलै

समुद्राकडच्या बांधावरून सायकलनं गेले. समोरून वारा, वाटेत मेंढ्या, दर दोनशे मीटरला फाटक — उतरा, उघडा, लावा, चढा. तरी मजा आली. ओहोटीत चिखलातून समोरच्या बेटापर्यंत आणखी तीन फेऱ्या मामाच्या हाताखाली, मग वाटाड्याचा बिल्ला माझा. बत्तीस वर्षं त्या बेटाकडे बघतेय. स्वतःच्या जबाबदारीवर माणसं पलीकडे न्यायची आहेत मला. बस्स.

२२ ऑगस्ट

उद्या उत्रेख्त शहरातले चौदा जण. चिखलातून चालत बेटावर, तिथून सायकलींवर धक्क्यापर्यंत, संध्याकाळच्या बोटीनं परत. सायकली बेटावर पोचल्या. हवा ठीक.

२३ ऑगस्ट

सगळे जिवंत आहेत. उद्या लिहीन.

२४ ऑगस्ट

मामा म्हणाला होता ओहोटी पावणेएकला. म्हणून सव्वादहाला बांध सोडला. ओहोटी होती पावणेबाराला! म्हणजे सव्वानऊला निघायला हवं होतं. अख्खा एक तास.

बेटाजवळच्या शेवटच्या ओहळाला पोचलो तर पाणी आमच्याकडेच येत होतं. गुडघ्यापर्यंत असायला हवं, ते छातीला लागलं. मागे वळून बघितलं तर आलो ती वाटही चमकायला लागलेली! मामा पुढे काठीनं तळ चाचपत होता, मी शेवटी. दोर काढला. लाल रेनकोटवाली एक बाई, योहाना नाव तिचं, शाळेत शिकवते. मधोमध तिचे पाय सुटले. ओरडलीसुद्धा नाही. नुसती गेली. मामानं काठी टाकली आणि तिच्या मागे गेला. अडुसष्ट वर्षांचा माणूस! कॉलर धरून ओढली तिला. मी दोर कमरेला बांधून तशीच उभी होते. माझ्यावर उरलेली तेरा माणसं लटकलेली. मला हलता येत नव्हतं.

मग मामानं सगळ्यांना सील प्राण्यांच्या वाळूच्या पट्ट्यावर चढवलं. तिथे पाऊल ठेवायला बंदी आहे, दीड किलोमीटर लांब राहायचं असतं. चाळीस-पन्नास सील धबाधब पाण्यात गेले. बचाव-बोट आली तेव्हा वाळूची चटईएवढी जागा उरली होती.

योहाना ग्रोनिंगेनच्या इस्पितळात आहे. शरीर फार गार पडलंय, आणि फुप्फुसात पाणी.

२५ ऑगस्ट

मामाला विचारलं, पावणेएक आलं कुठून? जेवणाच्या टेबलावरून वर न बघता म्हणाला, "तास दोनदा मिळवला असेन मी."

"असेन म्हणजे? मिळवलासच! मी शाईत लिहिलं होतं."

"मग मिळवला."

बस्स, एवढंच. मामी भांडी आपटत राहिली.

वही मागितली. म्हणाला, "भिजलीय. वाळू दे."

२७ ऑगस्ट

योहाना शुद्धीवर आहे, बोलते. हुश्श! फोन ठेवून ढसाढसा रडले.

पण एक आठवलं, आणि कालपासून ते डोक्यातून जात नाही. निघायच्या आधी बांधावर उभे होतो तेव्हा मामा म्हणाला होता, "रेन्स्के, पाणी फार लांब गेलंय गं. आत्तापासूनच."

मी म्हटलं, "तुला लांबचं कुठे दिसतंय मामा? यादीत आहे ते खरं."

चौदा जणांसमोर म्हटलं. लोक हसले. मामा पण हसला.

पण यादी बरोबरच होती ना! त्यानं ती वाचली चुकीची. मी पुस्तक उघडून बघायला हवं होतं, हे कबूल. तेवढी चूक माझी. तेवढीच.

३० ऑगस्ट

बेकरीत माझ्या मागून कुणीतरी म्हणालं, "म्हाताऱ्यानं वेळेत काठी ठेवायला हवी होती." मी वळले नाही. खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. भाचीनं असं वाटून घेऊ नये, पण वाटलं.

२ सप्टेंबर

वाटाड्यांच्या मंडळाचं पत्र. बारा तारखेला सात वाजता चौकशी. मामाचा परवाना रद्द होऊ शकतो. चाळीस वर्षांचा परवाना! त्यात सीलांचा पट्टाही जोडलाय. माझाही जबाब हवाय. दिवेर बाई अध्यक्ष. फोनवर गोड बोलत होत्या. "तू खरं तेच लिही, तुझ्या बिल्ल्याला काही होणार नाही."

५ सप्टेंबर

जबाब लिहून दिला. "यादी मी तयार केली. वेळा तास मिळवून, शाईत होत्या. माझ्या मामांनी त्यात आणखी एक तास मिळवला. त्यांची नजर अधू आहे." खाली सही.

तीन वेळा वाचला. एक शब्द खोटा नाही. तरी चौथ्यांदा वाचूनच पाकीट चिकटवलं.

मामाकडे गेले तर मामी दारातच उभी होती. "दिलास का गं लिहून?"

"दिला."

"शाईतच होतं ना? नक्की?"

"मामी! मी काय कुक्कुलं बाळ आहे का?"

ती आत निघून गेली. मला वाटलं नवऱ्याची बाजू घेतेय. चिडून घरी आले, येताना एका फाटकाची कडी लावायचीच राहिली. मेंढ्या पार पोस्टापर्यंत.

८ सप्टेंबर

मामा रोज सकाळी सायकलनं बांधावर जातो आणि नुसता बसतो. आज शेजारी जाऊन बसले. मग म्हणाला, "बिल्ला मिळाला की पहिल्या फेरीला उत्तरेची वाट घे. तळ टणक आहे तिथे."

मी म्हटलं, "तू भांड ना मंडळाशी! सांग, बाईला वाचवलं म्हणून. मी सांगते."

"कशाला? माझं झालंय सगळं चालून. तुझं व्हायचंय."

मला फार राग आला. इतका शरण जाणारा माणूस नव्हता हा.

११ सप्टेंबर

वही मिळाली! मंडळाला दाखवायला म्हणून मामानंच आणून दिली, जुन्या टॉवेलात गुंडाळून.

सगळी भिजून फुगलीय. माझी निळी शाई पानापानावर फुटलीय, जुलै तर वाचतासुद्धा येत नाही. पण देव पावला — नेमकी तेवीस ऑगस्टची ओळ स्वच्छ! ११.४५. शाईत! म्हणत होते ना मी! घरात एकटीच मोठ्यानं बोलले. आता उद्या कुणी माझ्याकडे बोट दाखवू शकत नाही.

बिचारा मामा.

१२ सप्टेंबर, दुपार

पानापानावर शाई फुटली, ती ओळ का नाही?

पान खिडकीत उन्हात धरलं. शाईच्या खाली बारीक चरा आहे. पेन्सिलचा. आकडे माझे, चराही माझाच, पण वरची शाई माझी नाही. वरच्या दोन ओळीही तशाच, न फुटलेल्या. पेन रुसलं होतं त्या ओळी. मी तास मिळवून पेन्सिलनं लिहिलं. मामानं पेन्सिल बघितली आणि नियमाप्रमाणे तास मिळवला.

वही वाळल्यावर, अधू डोळ्यांनी, माझ्या आकड्यांवरून त्यानं शाई फिरवलीय. एक रेघ बाहेर गेलेली नाही.

सातला चौकशी. वही पिशवीत टाकली, सायकल बाहेर काढलीय. आधी बांधावर जाते, तो तिथेच असेल.